गणपतरावांच्या खिडकीवरचा वेल

मधुमालती छाटायची ती थंडी सरताना, माघात जोतिबाची पायी वारी सुरू होते त्या पहिल्या खेट्याच्या आत. हा गणपतरावांचा कायदा. लाकूड झालेली जुनी फांदी बुडातून काढायची, कोवळी राखायची, फुटव्याच्या डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून तिरपा काप द्यायचा. फूल येतं ते नव्या फुटीवर. जुन्यावर माया केली की नुसता पाला माजतो. बावड्यात तीस वर्षं रोपवाटिका चालवताना हे त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना पुढच्या वर्षी चांगलं फैलावर घेतलं होतं.

आता त्याच तोंडातून शब्द निघत नव्हता. आषाढात अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं आणि कान मात्र लख्ख राहिले, आणि सगळी पंचाईत तिथंच होती. माडीवरच्या खोलीत त्यांचा पलंग, पलंगासमोर एकच खिडकी. त्या खिडकीतून आयुष्यभर जोतिबाचा डोंगर दिसला होता. गणपतरावांनी स्वतःच्या हातानं लावलेला मधुमालतीचा वेल यंदाच्या पावसात असा माजला, की गज गुंडाळून शेंडे खोलीत आले. भर दुपारी बाराला दिवा लावावा लागायचा. एवढ्याशा उजेडासाठी माणसानं झुरावं, आणि तेही आपल्याच वेलापायी, याचा त्यांना भयंकर संताप यायचा.

दहा मिनिटांचं काम होतं. पण सांगायचं कसं?

त्यांनी डाव्या हातानं वेलाकडं बोट केलं. सूनबाई क्रांती धावत गेली आणि फुलांचा घोस तोडून उशीशी ठेवला. त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली, तर मुलानं, अमरसिंहानं, न्हाव्याला बोलावून त्यांचे केस बारीक करून घेतले. डाव्या हातात पेन्सिल दिली, तर मनातली अक्षरं कागदावर येईतो विस्कटून जायची. एकदा अमरसिंहाला आपण होऊन सुचलं, "आये, येल लई वाढलाय, छाटू काय?"

गणपतरावांनी होकाराची मान हलवली, पण ती उशीवर नुसती डुगडुगली.

"हात लावशील तर बघ," गणपतरावांची बायको आक्का कडाडली. "त्यांचा जीव हाय त्या येलावर. बघत न्हाईस व्हय, सारखं तिकडंच टक लावून असत्यात. त्यांनी तोंडानं सांगितल्याबिगर कुणी कात्री लावायची न्हाय!"

म्हणजे बोलायलाच हवं होतं. एकच शब्द: काप. त्या दिवसापासून गणपतराव चोरून घोकायला लागले. जीभ उचलायची, ओठ मिटायचे, घामाघूम व्हायचं, आणि निघायचं काय, तर नुसतं "क्... क्..."

पहिल्या खेट्याचा रविवार उजाडला. आक्का आणि अमरसिंह पहाटेच अनवाणी डोंगराकडं निघाले. घरी क्रांती राहिली. गणपतरावांनी दिवसभर जिभेशी झुंज घेतली. छाटणीचा मोसम हातचा चालला होता. आता चुकलं तर पुन्हा वर्षभर हा हिरवा अंधार, आणि पुढचं वर्ष आपल्याला आहे की नाही कुणास ठाऊक.

दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. आक्का दारात आली. कपाळभर गुलाल, पायाला फोड, लंगडतच होती. चौकटीतूनच तिनं हाळी दिली, "जोतिबाच्या नावानं!"

"चांगभलं!" गणपतराव म्हणाले.

खणखणीत. साठ वर्षं त्या हाळीला ओ देत आलेली जीभ डोक्याला न विचारताच वळली होती. क्रांतीच्या हातातलं भांडं पडलं. आक्का पलंगाशी बसली आणि त्यांचा हात गच्च धरून लहान पोरासारखी रडली. गणपतरावांनी लगेच जीभ सावरली. वाचा फुटली! आता एकच शब्द, की खिडकी मोकळी.

"पावला गं बाई माझा द्येव," आक्का डोळे पुसत म्हणाली. "अवो, आज पायरीवर डोकं टेकून नवस बोलले मी. म्हटलं, ह्यांस्नी वाचा फुटू दे, त्यांचा जीव की पराण आसलेला येल तुला दिला. जल्मात त्याला लोखंड लावायची न्हाय. आन् घरी येतोय तंवर फेडायची येळ आली की! पटलं न्हवं तुमास्नी?"

गणपतरावांचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. या बाईवर चिडावं तर तिच्या तळव्यांतून रक्त येत होतं. त्यांनी डोळे मिटले, सगळं बळ जिभेवर आणलं, मनात म्हटलं, काप. अगं, काप तो वेल.

"चांगभलं!"

"व्हय म्हणत्यात!" तिच्या पाठोपाठ वर आलेला अमरसिंह ओरडला.

नाही, नाही, गणपतराव मान हलवायला लागले. डाव्या हातानं त्यांनी गादी बडवली. "चांगभलं! चांगभलं!"

प्रत्येक वेळी घरातली सगळी त्यांच्यामागून तेच म्हणत होती, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं तेव्हा क्रांतीनं ते पदरानं टिपलं. "आनंद मावंना झालाय आबास्नी," ती म्हणाली.

आक्का उठली. गजातून आत आलेल्या शेंड्याला तिनं गुलालाचं बोट लावलं, तो मोडू नये म्हणून हळुवार हातानं गजाला आणखी एक वेढा दिला, आणि खोलीतला दिवा लावला.