सैतानाच्या वॉल्ट्झची दोन पानं

दुपारी तीनला पाहुण्या वादकाने पियानोचं झाकण धाडकन आपटलं, तेव्हा ती विंगेत जेवायला बसली होती. सभागृहातला पियानो सुरात ठेवायचं काम तिच्याकडे वडिलांकडून आलं होतं, आणि बावीस वर्षांत असं झाकण कुणी आपटलं नव्हतं.

"या पट्ट्या अडकतात," वादक कडाडला. "संध्याकाळी मला सैतानाचा वॉल्ट्झ वाजवायचाय. सैतान नाचाचा मास्तर होऊन येतो आणि माणसांना दम लागेस्तोवर गरगरा फिरवतो. तिथे एकच स्वर सेकंदाला बारा वेळा वाजावा लागतो. तुमचं हे धूड आठाला मान टाकतं!"

व्यवस्थापकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तिला बाजूला घेतलं.

"ताई, वाद नको. आत हात घाला, एखादा स्क्रू खोटाखोटा फिरवा. साहेबांचं समाधान होईल."

"सकाळपासून तारांवर पडणारी एकेक हातोडी तपासलीय मी. पियानोत खोट नाही."

"अहो, पण ते एवढे मोठे!"

"मोठे आहेत म्हणून फसवू त्यांना?"

तिने हात पुसले आणि ती सरळ जाऊन पियानोसमोर बसली. ती काही वादक नव्हती. पण त्या वॉल्ट्झची सगळ्यात अवघड दोन पानं वडिलांनी तिच्याकडून घोटून घेतली होती. त्यात जो पियानो टिकतो तो कुठेही टिकतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सहा महिने आई कानात बोळे घालून घरात वावरायची.

तिने सुरुवात केली. डावा हात तीन मात्रांचा ठेका धरून दणदणत होता, उजवा कधी उडी चुकत होता, कधी सावरत होता. एकदा तर असा बेसूर आवाज निघाला की वरून दिवेवाला फिस्सकन हसला. ती थांबली नाही. मग ती जागा आली. एका पट्टीवर चार बोटं पाळीपाळीने पडू लागली आणि पत्र्यावर गारा तडतडाव्यात तसा स्वर उसळला. प्रत्येक ठोका सुटा. एकही गळला नाही.

"दोनदा चुकलात," वादक म्हणाला.

"तीनदा. पण चुकले ते मी. पियानो नाही चुकला."

वादकाने उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली.

"महिनाभर ही दोन बोटं ऐकत नाहीत," तो हळूच म्हणाला.

"मग तसं सांगायचं होतं. माझ्या कामाला नावं कशाला ठेवलीत?"

तो पाठ फिरवून निघून गेला. संध्याकाळी मात्र भरल्या सभागृहात तो उभा राहून म्हणाला, "हात दुखतोय. आज सैतान जरा सावकाश नाचेल. पियानो उत्तम आहे."

सावकाश वाजवलेला तो वॉल्ट्झ अंगावर काटा आणत होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

"झालं ना समाधान?" व्यवस्थापकाने विचारलं.

"वाजवलं झकास," ती म्हणाली. "पण त्यांनी माझी माफी मागायची राहिलीय. मी थांबलेय इथेच."