निवळबाबांची बरणी

धक्क्याजवळच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर टेबल, टेबलावर काचेच्या बरण्या आणि बरण्यांत खाडीचं मातकट पाणी. निवळबाबा म्हणाले, "पाणी खोटं बोलत नाही. ज्याचं मन स्वच्छ, त्याच्याच हाताला ते निवळतं."

एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. बाबांनी त्यांच्या हाती लाकडी चमचा दिला. "सावकाश फिरवा आजोबा, नाव घेत घेत."

लांबलचक भजन सुरू झालं. ते संपेपर्यंत पाण्यात पुंजके दिसू लागले, खाली बसले आणि वरचं पाणी आरपार दिसू लागलं. लोकांनी हात जोडले. मीही जोडले. खाडीतल्या गाळाचा अभ्यास हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही भाचीसाठी आलो होतो. ती दवाखान्यात औषधं देते. तिचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सासूबाईंची एवढीच अट होती, की मुलगी एकदा बाबांना दाखवायची.

भाची मंचावर गेली. "जोरात ढवळ मुली," बाबा म्हणाले. "आतलं सगळं बाहेर पडू दे."

औषधाच्या बाटल्या हलवून हात तयार झालेले. तिने असं ढवळलं की फेस आला. भजन संपलं तरी पाणी गढूळच.

"हिने काहीतरी लपवलंय," बाबांनी डोळे मिटले. "शुद्धी करून घ्या. तोवर लग्न नको."

सासूबाईंचा चेहरा पडला. नवरामुलगा बुटांकडे बघत राहिला. आणि मी? मी बहिणीच्या कानाशी लागून म्हणालो, "तिला जरा विचारून बघ. असेलही काही." एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला सुचलं ते हे.

घरी आल्यावर भाची माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मामा, बाबांनी त्या आजोबांना काय सांगितलं?"

"सावकाश फिरवा."

"आणि मला?"

"जोरात."

"मग?"

"मग काय?"

औषधाची चिठ्ठी उलटी धरून वाचणाऱ्या रुग्णाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला पगार नक्की कशाचा मिळतो?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. खाडीत नदीचं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं. मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटू लागतात. पाणी हळू फिरलं की ते एकमेकांना भेटत राहतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. खळबळ वाढली की तेच पुंजके फुटतात आणि पाणी गढूळ राहतं. यावर मी भाषणं दिली आहेत. श्रोते झोपले होते. त्या दिवशी मंचासमोर मी झोपलो होतो.

पुढच्या बैठकीला मीच मंचावर चढलो. भाची, सासूबाई आणि नवरामुलगा समोरच बसले होते. "बाबा, माझं मन तपासा."

माझा चष्मा पाहून, कोणी मोठा माणूस समजून त्यांनी मला सावकाशच फिरवायला सांगितलं. पाणी निवळलं. "पुण्यवान," बाबा म्हणाले.

मी तीच बरणी जोरजोरात ढवळली. पाणी पुन्हा गढूळ. "आता पापी," मी म्हणालो. मग पुन्हा हळूहळू फिरवत राहिलो. या वेळी कोणी भजन गायलं नाही, तरी पाणी निवळलं. "परत पुण्यवान. बाबा, एका बैठकीत माणूस इतका बदलतो?"

मागे कोणीतरी हसलं.

"विज्ञान संपतं तिथे माझी विद्या सुरू होते," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही जोरात ढवळा आणि लगेच निवळवून दाखवा."

बाबांना ध्यानाची वेळ आठवली. ते आत गेले ते गेलेच.

सासूबाई मंचावर आल्या. त्यांनी स्वतः दोन्ही तऱ्हांनी ढवळून पाहिलं. मग भाचीपाशी जाऊन म्हणाल्या, "चुकलं माझं, पोरी."

"तुम्ही निदान ढवळून तरी पाहिलंत, काकू," ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "त्या दिवशी तू का बोलला नाहीस?"

"आईला वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

तिने अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. घरी येताना ती थोडी रडली. मी तिची माफी मागितली. पुष्कळ उशिरा, पण मागितली.

तुम्हाला गाळाचं शास्त्र यायलाच हवं असं नाही. मला येत होतं, काय उपयोग झाला? पण कुणाच्या अब्रूचा निकाल चमत्काराने लागत असेल, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: दोघांनाही ढवळायला सारखंच सांगितलं होतं का?