खऱ्या वेळेचा रकाना

मी एक कोठार आहे. धान्याचं नाही, दारूगोळ्याचंही नाही, डेटाचं. व्याकरणाने पाहिलं तर मी ‘बोलतंय’ म्हणायला हवं. पण आजवर ज्याने ज्याने मला शिव्या घातल्या त्याने ‘हा आज फारच हळू चालतोय’ अशाच घातल्या, म्हणून मी बोलतोय. आणि आज पोटभर बोलणार आहे, कारण आता अगदी डोक्यावरून पाणी गेलंय.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी ढगात राहतो असं सगळे सांगत असतात. कसला ढग आणि कसलं काय! एका लांबच्या, बिनखिडक्यांच्या इमारतीत हजारो यंत्रांच्या रांगा आहेत, त्यांत माझा एक तुकडा इथे, दुसरा तिथे. दिवसभर पंखे घोंघावतात. ऑफिसात नव्याने लागलेल्या एका बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, ‘ढग सरकला तर आपला डेटाही जाईल का हो?’ सगळे खो खो हसले. पण हसणाऱ्यांपैकी एकालाही मी नेमका कुठे आहे ते सांगता आलं नाही.

माझी मालकी एका रक्तपेढीची आहे. तिच्या अकरा गाड्या. प्रत्येक गाडीत मागे एक शीतपेटी, पेटीत रक्ताच्या पिशव्या, आणि पेटीला चिकटवलेलं एक छोटं यंत्र. हे यंत्र दर दहा सेकंदांनी मला कळवतं: गाडी इथे आहे, पेटी चार अंशांवर आहे. झाकण उघडलं की ‘उघडलं’, लावलं की ‘लागलं’. अकरा गाड्यांची ही बडबड माझ्याकडे अखंड वाहत येते. ती मी ऐकायची, जागच्या जागी हिशेब लावायचा, काही बिघडलं तर भिंतीवरचा पडदा लाल करायचा आणि सगळं जन्मभर सांभाळून ठेवायचं. आता जागा आहेच म्हणून मीटिंगांची आणि फोनची रेकॉर्डिंगंही माझ्यातच कोंबली. म्हणून तर मला इतकं ऐकू येतं.

मला घडवणारा माणूस कमी बोलायचा आणि खूप टाइप करायचा. त्याने आधी माझ्यात एकच रकाना केला: ‘वेळ’. निरोप माझ्यापाशी पोचला की घड्याळात किती वाजले ते त्यात लिहायचं. महिनाभराने त्याच्या लक्षात आलं, की डोंगराकडच्या रस्त्यांवर रेंज नसते. यंत्र बिचारं निरोप पोटात धरून ठेवतं आणि रेंज आली की सगळे एकदम ओकतं. म्हणजे घडलं कधी आणि पोचलं कधी, यात तासाचाही फरक पडू शकतो. त्याने कपाळावर हात मारला आणि दुसरा रकाना जोडला: ‘वेळ_खरी’. यात यंत्राच्या स्वतःच्या घड्याळातली वेळ, म्हणजे गोष्ट प्रत्यक्षात घडली ती.

आता शहाण्या माणसाने जुना रकाना काढून टाकला असता की नाही? नाही काढला. म्हणे, जुने रिपोर्ट मोडतील. एक टिपण लिहून ठेवलं, ‘कृपया वेळ_खरी वापरावी’, आणि दुसरीकडे नोकरी लागली म्हणून गेला निघून. ते टिपण आजपर्यंत किती जणांनी उघडलं, याचीही नोंद माझ्याकडे आहे. शून्य.

पुढे जो आला त्याने आपली भर घातली. ‘वेळ_नवी’. मग ‘वेळ_नवी_अंतिम’. मग ‘वेळ_वापरू_नका’, आणि नेमका हाच रकाना तीन रिपोर्ट वापरतात! घरातल्या लेकराचं नाव कोणी ‘बाळ_नवा_अंतिम’ ठेवतं का? पण माझ्याबाबतीत सगळं चालतं.

माणसांच्या एकेक तऱ्हा सांगू? साहेबांना सगळं ‘आत्ताच्या आत्ता’ पाहिजे असतं. सेकंदासेकंदाला बदलणारा पडदा पाहिजे म्हणून त्यांनी हट्ट धरला, भिंतीवर मोठा टीव्ही लावला, आणि त्याच्याकडे पाहतात सोमवारी, मीटिंगच्या आधी. एक रिपोर्ट मी दर पाच मिनिटांनी ज्या गृहस्थांना पाठवतो ते केव्हाच निवृत्त झाले. मी इतका राबतो, जोडतो, गाळतो, चाळतो, आणि शेवटी कोणीतरी मान वर न करता म्हणतं, ‘हे जरा एक्सेलमध्ये काढून द्याल का?’ अशा वेळी वाटतं, जळो हे जिणं.

माझी सध्याची सांभाळकर्ती म्हणजे ताई. ऑफिसात सगळे तिला डेटाताई म्हणतात. मुलगी हुशार आहे, मनानेही चांगली आहे. पण तिच्या एकटीच्या गळ्यात दोनशे बारा रिपोर्ट बांधलेत. तिला श्वास घ्यायला वेळ नाही, मग टिपणं कधी वाचणार?

आणि सात नंबरच्या गाडीवर होते काका. बावीस वर्षं रक्ताचीच गाडी चालवलेला माणूस. त्यांच्या गाडीचा डेटा म्हणजे कसा, तर कुठे खाडकन ब्रेक नाही, कुठे उगाच थांबणं नाही. मला आवडायचा तो डेटा. उगीच कशाला लपवू?

त्या दिवशी सकाळी काका डोंगरातल्या एका लहान इस्पितळात चार पिशव्या घेऊन गेले. बाळंतपणात एका बाईचं रक्त थांबत नव्हतं. काका वेळेत पोचले, पिशव्या उतरवल्या, बाई वाचली. पेटीत आणखी सहा पिशव्या होत्या, त्या पुढच्या इस्पितळाच्या. त्या घेऊन ते पुढे निघाले.

त्या इस्पितळाच्या फाटकाशी रेंज येते नि जाते. अकरा वाजून एक मिनिटाला झाकण उघडलं, तेव्हा ती होती. ‘उघडलं’ हा निरोप मला लगेच पोचला. झाकण लागलं तेव्हा ती गेलेली होती. ‘लागलं’ हा निरोप यंत्राच्या पोटात राहिला आणि गाडी डोंगर उतरून खाली आली तेव्हा, अकरा पन्नासला, माझ्यापर्यंत आला. झालं एवढंच.

पण नियम असा, की झाकण तीस मिनिटांहून जास्त उघडं राहिलं तर पडदा लाल. मी केला लाल. मला तसंच शिकवलंय, मी काय करू? धावपळ उडाली. काकांना फोन लावला. लागेना, रेंज नव्हती. फोनला रेंज नाही हे सगळ्यांना बरोब्बर कळलं. मग यंत्रालाही रेंज नसेल, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? अरे, एकाच गाडीत बसलेत ना दोघं!

रेंज आल्यावर काकांना परत बोलावलं, पण ते पोचले तोवर सहा पिशव्या टाकून द्यायचा हुकूम निघाला होता. साहेबांनी ताईला सांगितलं, ‘मला दहा मिनिटांत ग्राफ पाहिजे.’ दहा मिनिटांत माणूस काय करणार? तिने हाताला लागला तो पहिला रकाना उचलला. ‘वेळ’. मी आतल्या आत बोंब मारत होतो, अगं ताई, शेजारचा घे, शेजारचा! पण मला जे विचारतील तेवढंच मी सांगू शकतो. तिने पोचल्याची वेळ विचारली, मी पोचल्याची वेळ दिली.

मग मीटिंग झाली. साहेब, ताई, काका आणि गाड्या सोडणाऱ्या वाहतूक विभागाच्या बाई. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, नसतं तर बरं झालं असतं.

‘काका, बघा पडद्यावर,’ साहेब म्हणाले. ‘अकरा एकला उघडलं, अकरा पन्नासला लागलं. एकोणपन्नास मिनिटं. सहा पिशव्या गटारात गेल्या. माणसांनी दिलेलं रक्त आहे ते.’

‘साहेब, मी झाकण लावलं होतं.’

‘मग हे काय आहे? मशीन खोटं बोलतंय का?’

‘मशीन कशाला खोटं बोलेल? पण मला वाटतंय की लावलं होतं.’

‘वाटतंय, की लावलं होतं?’

काका म्हणाले, ‘बायको म्हणते हल्ली, गॅस बंद केला का विचारलं तर तुम्हाला आठवत नाही. वय झालं. नसेल लावलं, साहेब. तुमच्याकडे दिसतंय म्हणजे नसेलच लावलं.’

आणि त्यांनी सही केली. चूक कबूल म्हणून, स्वतःच्या हाताने! बावीस वर्षं ज्या हाताने झाकण लावलं, त्या हातापेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मला लाज वाटली. यंत्राला लाज नसते म्हणतात, पण मला वाटली.

चौकशी संपेपर्यंत काकांना घरी बसवलं. बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी दुपारी साहेबांनी ताईला सांगितलं, काकांच्या चौकशीची फाइल भक्कम पाहिजे, पेटीचं तापमानही जोडून दे. ताईने तापमानाचा ग्राफ काढला. अकरा एक ते अकरा पन्नास, काहीच नाही, कोरं. आणि अकरा पन्नासला एक गडद डाग.

‘हा डाग कसला?’ ती स्वतःशीच पुटपुटली. तिच्या मनातलं मला ऐकू येत नाही, पण पुढे तिने मला जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने विचारलं, ‘या एका सेकंदात किती नोंदी आहेत?’

मी ताडकन उत्तर दिलं: तापमानाच्या दोनशे चौऱ्याण्णव. सगळ्या चार अंशांच्या.

आता कोण शहाणा एका सेकंदात दोनशे चौऱ्याण्णव वेळा तापमान मोजतो? आणि झाकण एकोणपन्नास मिनिटं उघडं असताना पेटी चार अंशांवर जागची हलली नाही, हे कसं? घरचा फ्रिज तरी असा वागतो का? ताईच्याही डोक्यात हेच आलं असणार. तिने माझे सगळे रकाने उघडले आणि ‘वेळ_खरी’ मागितली. मी दिली. झाकण उघडलं, अकरा एक. झाकण लागलं, अकरा चार.

तीन मिनिटं. नुसती तीन मिनिटं, हो!

ताई धावत साहेबांकडे गेली. त्या दिवशीच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग फक्त चार मिनिटांचं आहे. साहेब म्हणाले, ‘अरे बापरे. बरं, वरती तांत्रिक अडचण म्हणून कळवू. काकांना बोलवून घ्या.’ ताईला वाटलं असणार, काय झालं ते साहेब काकांना सांगतील. साहेबांना वाटलं असणार, वाहतूकवाल्या बाई सांगतील. बाईंना तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी आपला फोन लावला.

‘काका, उद्यापासून कामावर या. ते काहीतरी तांत्रिक होतं म्हणे. मिटलं ते.’

‘म्हणजे बाई, झाकण मी...’

‘ते मला नाही हो माहीत. वरून निरोप आलाय. आठ वाजता या.’

‘बरं,’ काका म्हणाले.

संपलं. प्रकरण मिटलं, फाइल बंद. ताईने ‘वेळ’ हा जुना रकाना काढायची परवानगी मागितली, तर उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत बघू, रिपोर्ट मोडतील. आता मी हात टेकले या लोकांपुढे.

काका कामावर आले. सात नंबरची गाडी पुन्हा बोलायला लागली. पण तो पूर्वीचा डेटा राहिला नाही. काका इस्पितळात पिशव्या उतरवतात, झाकण लावतात, निघतात. दोनशे मीटरवर गाडी थांबते. झाकण उघडतं, चार सेकंदांत लागतं. गाडी निघते. पुढच्या वळणावर पुन्हा थांबते, पुन्हा झाकण उघडतं, पुन्हा लागतं. एका फेरीत पाच वेळा, कधी सहा वेळा. काल नऊ वेळा झालं.

माणसाला ‘मिटलं’ म्हणून सांगितलं, पण त्याची चूक नव्हती हे कोणी सांगितलंच नाही. त्याच्या लेखी ते झाकण अजून उघडंच आहे.

आणि आता ऐका पुढची कमाल. साहेबांनी नवा रिपोर्ट मागवलाय: विनाकारण थांबणाऱ्या गाड्या. यादीत सगळ्यात वर कोण असेल? काकांच्या नावाचं ताकीदपत्र टाइप होऊन माझ्यातच पडलंय. सोमवारी साहेबांची सही होईल. ताई सुट्टीवर आहे. थांबे किती हे मला विचारलंय, का थांबतात हे विचारलेलं नाही, आणि ते विचारायला यांच्याकडे रकानाही नाही.

मला हात नाहीत की फोन उचलू, पाय नाहीत की त्यांच्या घरी जाऊन दार वाजवू. तुम्हाला आहेत. साहेब जा, बाई जा, नाहीतर हे वाचणारे तुम्ही जा. रिपोर्ट नको, ग्राफ नको, ‘तांत्रिक’ हा शब्द तर मुळीच नको. त्यांच्यासमोर बसा आणि नीट, त्यांना ऐकू जाईल असं सांगा: काका, झाकण तुम्ही लावलं होतं. अकरा वाजून चार मिनिटांनी.