घाट चढवला की बसंल

गाडी लाल होती, बुटकी होती, आणि आत माणसं बसायची दोन. घरात माणसं चार. कळंबच्या आळीत ती पहिल्यांदा शिरली तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली म्हणतात. आता कुत्री काय विसरतात नि काय नाही हे कुणी बघायला गेलंय, पण माणसं दारात आली हे मात्र खरं. प्रीतमने गाडी आधी विहारासमोर नेली, हात जोडले, आणि मग घरापुढे आणून लावली. शेजारच्या गोदाकाकी लिंबू-मिरची घेऊन आल्या, तर प्रीतमच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, आमच्यात चालत नाय ते म्हणून गोडीत परत पाठवली. मग स्वतःच वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "ही गाडी हाय का पाट रं? एवढं खाली बसायचं?"

सगळी आळी हसली. प्रीतमची बायको दर्शना तेवढी हसली नाही.

दर्शनाचा गाडीवर राग नव्हता. पुढच्या खोलीत मशीन टाकून ती ब्लाउज शिवायची, तिला रंगाची पारख होती, आणि तो लाल रंग तिलाही आवडला होता. तिचं वाकडं होतं ते इंजिनाशी. गाडी विकणारा मुंबईचा बंगलेवाला. किल्ली प्रीतमच्या हातात दिली आणि गडी मागं वळूनसुद्धा न बघता चालता झाला, असं प्रीतमनेच घरी येऊन सांगितलं. एवढ्या हौसेची वस्तू विकताना माणूस एकदा तरी बघतो की नाही? दर्शनाने तेव्हाच ते मनात ठेवलं होतं.

पुढचंही प्रीतमनेच सांगितलं. फोनवर या गाड्यावाल्यांचा एक ग्रुप होता, तिथे देशभरातले शौकीन रात्रंदिवस एकच दळण दळत. या गाडीचं इंजिन म्हणे राजासारखं, पण भरवशाचं नाही. कुणाचं वर्षानुवर्षं चाललं, कुणाचं चालता चालता आतून फुटलं, आणि फुटायच्या आधी काही सांगून-सवरून नाही. सुरुवातीला प्रीतम हे सगळं जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचा, भुताच्या गोष्टी सांगाव्यात तसा, मजेत. मग एक दिवस त्याने वाचून दाखवणं बंद केलं. वाचणं बंद केलं नव्हतं. ते दर्शनाला जास्त लागलं.

आणि आवाज होता. सकाळी थंड गाडी चालू केली की आतून टक, टक, टक यायचं, कुणीतरी आतून बोटाने दार वाजवावं तसं. जरा वेळाने कमी व्हायचं. प्रीतम बॉनेट उघडून कान लावून उभा राहायचा. एकदा त्याने ऑइलची दांडी बाहेर काढली आणि बोटाला लागलेलं काळं तेल उन्हात धरलं, तर त्यात जरीची पूड मिसळावी तसं काहीतरी चमकत होतं. दर्शनाने विचारलं काय ते. काही नाय गं, म्हणाला, आणि बोट चिंधीला पुसून टाकलं.

तिचं सगळं भय घाटात होतं. सपाटीला गाडी बंद पडली तर काय, ढकलून कडेला लावायची. पण बोरघाटाच्या चढावर, मागे कंटेनर लागलेला असताना ही बुटकी मध्येच थांबली तर? त्या कंटेनरवाल्याला ही दिसणार तरी का? पोरगी जागृती आता कुठे पहिलीत गेली होती. म्हणून दर्शनाने शपथेवर सांगितलं होतं, मी या गाडीत बसणार नाय नि माझी पोरगीपण बसणार नाय. चौकच्या कमलेशभावजींनी इंजिन बघून चांगलं म्हटलं, तरच. कमलेश म्हणजे प्रीतमचा शाळेपासूनचा मित्र, चौकला हायवेवर त्याचं गॅरेज. प्रीतमनेही ते कबूल केलं. कमलेश नको म्हणाला तर गाडी विकून टाकीन, असं तो आईसमोर, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोलला होता. आपल्या माणसाचा शब्द आहे, दर्शनाला तेवढं पुरलं.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर घ्यायची कशाला ही ब्याद? त्या माणसाचं तोंड बघितलं असतंत तर विचारलं नसतंत. प्रीतम खालापूरकडे एका कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायचा. दिवसभर मशीनच्या धडधडीत, मशीन दुसऱ्याचं, बंद पडलं तर शिव्या याला. घरात आलेली प्रत्येक वस्तू कामाची म्हणून आलेली: मोटारसायकल कामाला जायला, फ्रिज आईच्या औषधाला, मशीन बायकोच्या शिलाईला. एकदा तो दर्शनाला म्हणाला होता, "ही पहिली वस्तू हाय जी कशाच्याच कामाची नाय. म्हणून ती माझी हाय." संध्याकाळी कर्जतपर्यंत चक्कर मारून परत यायचा तेव्हा त्याचं तोंड लग्नाच्या वर्षी होतं तसं व्हायचं. दर्शना दारात उभी राहून ते बघायची. तिला ते तोंड परत हवं होतं, आणि त्यासाठी गाडी चांगली निघावी असं तिलाही आता मनोमन वाटायला लागलं होतं. तीच तर गोची झाली.

शेवटी गाडी दोन दिवस चौकला गेली. शनिवारी कमलेशला कुठल्याशा लग्नाला जायचं होतं म्हणून प्रीतमच जाऊन गाडी घेऊन आला. काय ते उद्या फोन करून सांगतो, असा कमलेशचा निरोप होता. रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा प्रीतम आंघोळीला गेलेला. फोन दर्शनाने उचलला.

कमलेश तसा बोलका माणूस, पण अर्धं बोलणार आणि अर्धं समोरच्याने समजून घ्यायचं. मागे गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. जयभीम वैनी, म्हणाला, पोरगी कशी हाय विचारलं. दर्शनाला धीर निघेना. तो आवाज कसला हो भावजी, तिने सरळ विचारलं.

"त्याला म्हणावं, घाट चढवला की बसंल," कमलेश म्हणाला. "एवढंच सांगा. त्याला कळंल." आणि सवयीप्रमाणे हसून फोन ठेवला.

बसंल. दर्शनाच्या छातीवरचं ओझंच उतरलं. तिच्या धंद्यात बसणं म्हणजे सगळं चांगलंच. ब्लाउज अंगावर बसला म्हणजे गिऱ्हाईक खूश. बाही बसली, गळा बसला म्हणजे काम जमलं. नवी मशीन घेतली तेव्हा ती नुसती खडखडायची, तर दुकानदार म्हणाला होता, चार दिवस दणकून चालवा ताई, आवाज बसेल. आणि बसलाच. तसंच या इंजिनालाही एकदा घाटात दणकून चालवायला हवं, एवढंच. इतके महिने आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला, असं तिला वाटलं आणि स्वतःचं हसू आलं.

प्रीतम डोकं पुसत बाहेर आला. ती त्याच्यापुढे नाचायचीच बाकी होती. कमलेशभावजींचा फोन होता, म्हणाली, घाट चढवला की बसंल म्हणाले.

त्याचा टॉवेलवाला हात थांबला. "परत सांग," तो म्हणाला. तिने परत सांगितलं, शब्दाला शब्द. तो तिच्याकडे बघत राहिला. आणि मग हसला.

"मग बसतेस ना?" म्हणाला. "आजच जाऊ. वर खंडाळ्यापर्यंत."

दर्शनाने ठेवणीतली साडी काढली. आपण पण येणार म्हणून जागृती रडायला लागली, तर दर्शना तिला कबूलही करून बसली, की पुढच्या रविवारी तुझी पाळी.  प्रीतमने पोरीला उचलून घेतलं, गालाचा पापा घेतला आणि आजीकडे दिलं.

आणि काय सांगावं, ती गाडी होतीच तशी. कर्जत मागे पडलं, पळसदरीचं वळण आलं आणि दर्शनाला कळलं की हा माणूस एवढे महिने कशासाठी वेडा झाला होता. रस्ता खालून हाताशी आल्यासारखा वाटत होता. वळणावर अंग एका बाजूला झुकायचं आणि लगेच हसू फुटायचं. ती हसली, ओरडली, पदर सांभाळायचा विसरली. एका उंच ट्रकवरच्या क्लीनरने वरून आत डोकावून बघितलं, तर हिने त्याला हात केला. कळंबची दर्शना, क्लीनरला हात करते! तिने डोळ्यांच्या कडेने नवऱ्याकडे बघितलं. तो रस्ता सोडून तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे सुख होतं ते तिने कधीच बघितलं नव्हतं.

"बसला बघा आवाज," ती खोपोली सोडताना म्हणाली. खरंच टकटक ऐकू येत नव्हती.

"हं," प्रीतम म्हणाला.

घाट लागला. शिंगरोबाच्या देवळापाशी गाड्यांची रांग मंदावली, ती ओलांडली आणि पुढे मोकळा चढ आला. प्रीतमने गाडी दाबली. टकटक परत सुरू झाली, आता नुसती टकटक नव्हे, हातोड्याने ठोकावं तशी. दर्शनाने विचारलं, हे काय हो? तो म्हणाला, थोडंच राहिलंय गं वर. त्याचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. तिला काहीतरी चुकतंय असं वाटलं आणि ती थांबवा म्हणणार, तेवढ्यात खालून असा धाडकन आवाज झाला की तिला वाटलं आपण कशावर तरी आदळलो.

मागची चाकं जागीच आवळली. गाडी किंचाळत आडवी फिरली. प्रीतमने क्लच दाबला तशी ती सुटली आणि उताराकडे, उलटी, मागे घसरायला लागली. मागच्या काचेत कंटेनरचं तोंड मावेनासं झालं होतं. त्याच्या भोंग्याने दर्शनाचे कान बंद झाले. प्रीतम एका हाताने स्टिअरिंगला लोंबकळला होता, दुसऱ्याने हँडब्रेक ओढत होता. कंटेनर बाजूने गेला, दर्शनाच्या खिडकीवरून काळी भिंत सरकत गेली आणि आरसा कडकन तुटून गेला. मग काहीच नव्हतं. गाडी कठड्याला टेकून उभी होती, बॉनेटखालून जळक्या तेलाचा धूर येत होता.

दर्शना बाहेर पडली ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली.  प्रीतम बॉनेट उघडून आत बघत उभा होता. गाडी ओढायला कुणीतरी हवं म्हणून शेवटी तिनेच कमलेशला फोन लावला, आणि घाटात गाडी बंद पडली म्हणून सांगितलं.

पलीकडे कमलेशने कुणाला तरी ठोकाठोकी थांबवायला सांगितलं. 

"घाटात?" तो म्हणाला. "वैनी, मी बोललो होतो ना, घाट चढवला की बसंल म्हणून?"

"हो, आवाज बसंल..."

"आवाज नाय ओ. इंजिन बसंल. जाम व्हईल. गाडी घाटात न्यायचीच नाय, म्हणून तर फोन केला होता." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही प्रीतमला हेच सांगितलंत ना? त्याला कळलं आसंल. कारखान्यात रोज हेच बोलतो तो. कॉम्प्रेसर बसला, बेअरिंग बसलं."

मी टेंपो घेऊन निघतो, असं काहीसं तो पुढे बोलला. दर्शनाने फोन खाली घेतला.  तिला पहिल्यांदा वाटलं, चूक माझी, मी निरोप उलटा समजले. पण निरोप तिने उलटा दिला नव्हता. शब्दाला शब्द दिला होता, आणि दोनदा दिला होता.

ती उठून त्याच्यापाशी गेली. तो इंजिनाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर दुःख होतं, पण आश्चर्य नव्हतं.

"तुमाला कळलं होतं," ती म्हणाली.

प्रीतमने मान वर केली नाही. "तू सांगितलंस तेव्हाच."

"मग आणलंत कशाला मला?"

"तू किती खूश होतीस गं," तो म्हणाला. "उद्या विकायचीच होती. एकदा तरी तू बसावंस वाटलं. मला वाटलं वरपर्यंत टिकंल."

"आणि आपण वाचलो नसतो तर? जागृतीला घरी काय सांगितलं असतं कुणी?"

 फडक्याने तो बॉनेटच्या कडेवर उडालेलं तेल पुसत होता, हळूहळू, रंगाला चरा पडू नये म्हणून जपून. दर्शना त्याच्या हाताकडे बघत राहिली. एवढे महिने ती गाडीला भ्यायली होती. आता तिला या माणसाची भीती वाटली, आणि ती इतकी साफ वाटली की रडूसुद्धा आलं नाही.

वरून खोपोलीला जाणारी एसटी वळणावर हळू झाली होती. दर्शनाने रस्ता ओलांडून हात केला. मागून प्रीतम हाका मारत पळत आला, दर्शना, कमलेश येतोय, थांब जरा. बस थांबली. कंडक्टरने दार उघडलं, तिच्या चुरगळलेल्या साडीकडे बघितलं, मागे धावत येणाऱ्या माणसाकडे बघितलं, आणि दोघं का म्हणून विचारलं.

"एकच," दर्शना म्हणाली, आणि चढली.