मुलांना चालणारा बोका

"बोट आत घालू नकोस, कोहारु. चावेल."

"नाही चावत," असं म्हणून तीन वर्षांच्या कोहारुने दुसरं बोटही पिंजऱ्यात घातलं. तोवर तिची आई पलीकडच्या पांढऱ्या पिल्लाकडे वळली होती.

बोका खरंच चावला नाही. तो टॉवेलाखालून थोडा पुढे सरकला आणि त्याने त्या दोन बोटांवर कपाळ टेकवलं. कोहारुने त्याचा कान धरून ओढला. त्याने ओढू दिला. हे सगळं एकाच माणसाने पाहिलं. पिंजऱ्यामागे घडीच्या खुर्चीवर सुमिए हातानाका बसली होती, तिने. आणि पाहिल्याबरोबर तिने हात लांब करून टॉवेल पुन्हा बोक्याच्या तोंडावर ओढला.

उत्तर जपानमधल्या हाकोदातेच्या त्या समाजमंदिरात महिन्यातून एका रविवारी मांजरांना घर शोधून द्यायचा कार्यक्रम असे. बेवारस मांजरं गटातले लोक आपापल्या घरी तात्पुरती सांभाळत आणि त्या दिवशी पिंजऱ्यांत घालून आणत. प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड. वय, रंग, आजार आणि स्वभाव. स्वभाव लिहायचा तो सांभाळणाऱ्यानेच, कारण मांजराचा स्वभाव दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

या बोक्याच्या, म्हणजे गेन्ताच्या, कार्डावर सुमिएने लिहिलं होतं: "माणसांना बुजतो. लहान मुलं नसलेलं शांत घर हवं." अकरा महिने तेच कार्ड लागत होतं. पिंजऱ्यात सगळीच मांजरं आक्रसून बसतात, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजराच्या वतीने सुमिए पीत होती.

तिने तो स्वतःच ठेवून घ्यायला हरकत काय होती, असं कुणी विचारेल. हरकत नियमाची होती. पासष्टीच्या पुढे एकट्या राहणाऱ्या माणसाला मांजर कायमचं द्यायचं नाही. एक म्हातारा गेला आणि त्याची सात मांजरं बंद घरात उपाशी सापडली, त्यानंतर गटाने हा नियम केला. त्या सभेत सगळ्यांत आधी हात वर केला होता तो सुमिएने. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती आणि पासष्टी म्हणजे दुसऱ्यांना होणारी गोष्ट आहे असं तिला वाटत होतं. आता अडुसष्ट पूर्ण झाली होती. आपल्याच हाताने घातलेली गाठ सोडवायला कुणाकडे जाणार?

"सगळ्यांत मायाळू कुठलं असेल हो?" आई विचारत होती. मिहो ओइकावा तिचं नाव. सहा वर्षांचा रित्सु तिच्या बाहीला लोंबकळत होता. "मुलं दिवसभर अंगाशी झोंबतात. सहन करणारं हवं."

गटाचे निशिवाकी नाकाच्या टोकावरचा चष्मा सावरत कार्डं वाचत होते. माणूस सज्जन, पण कार्डावर लिहिलेल्या गोष्टीपलीकडे त्यांचा जगाशी फारसा संबंध नव्हता. "ही कोयुकी बघा. पाच महिन्यांची. उत्साही, खेळकर, असं लिहिलंय."

"आई, हीच," रित्सु म्हणाला. "पांढरी आहे."

"पांढरी म्हणून काय झालं? तुझे मोजेही सकाळी पांढरेच असतात."

तरी मिहोचाही जीव त्या पिल्लावर जडला होता, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. निशिवाकींनी खिशातून अर्ज काढला.

कोयुकी मध्यंतरी आठ दिवस सुमिएकडे राहून गेली होती. ती खेळकर होती हे खरंच. चालणाऱ्या पायावर झेप घ्यायची, हलणारा हात दिसला की चार पंजांनी पकडायची. सुमिएच्या मनगटावर अजून त्याच्या रेघा होत्या. तिने कोहारुकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पिंजऱ्याच्या बरोबर उंचीला येत होता. दोन डोळे, एक नाक, आणि सगळं उघडं.

मूग गिळून बसणं अगदी सोपं होतं. कार्ड दुसऱ्याने लिहिलेलं, अर्ज निशिवाकींच्या हातात. सुमिएने आपले दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात स्क्विड चिरून त्या हातांची बोटं वाकडी झाली होती.

"पिल्लू नका घेऊ," ती म्हणाली. कारखान्यातल्या यंत्रांवरून ओरडून ओरडून तिचा आवाज खरखरीत आणि मोठा झाला होता; हलक्याने बोलली तरी चार पिंजऱ्यांपलीकडे ऐकू जाई. "तीन वर्षांच्या मुलाला पिल्लू चालत नाही. दोघंही बाळंच. मोठं, शांत मांजर न्या. हा न्या."

निशिवाकींनी कार्ड वाचलं. "हातानाकासान, इथे तर लिहिलंय की..."

"कार्ड चुकलंय."

"अकरा महिने?"

"हो, अकरा महिने."

निशिवाकींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सुमिएने टॉवेल काढला, पिंजरा उघडला आणि तो साडेपाच किलोंचा सातूच्या रंगाचा बोका उचलून जमिनीवर बसलेल्या कोहारुच्या पायांवर ठेवला. तो तिथे सांडल्यासारखा पसरला. कोहारुने त्याची शेपटी हातात घेतली आणि तिचं दुसरं टोक कुठे आहे ते शोधू लागली.

"आई, हा गरम आहे," ती म्हणाली.

रिवाजाप्रमाणे सांभाळणारीने स्वतः मांजर नव्या घरी पोचवायचं. खिडक्यांच्या जाळ्या बघायच्या, मांजर निसटू नये म्हणून दाराला आतून दुसरं फाटक आहे का ते बघायचं, आणि मग दोन आठवडे मांजर तिथे राहून पाहतं. जमलं तर सह्या, नाही तर परत. सोबत मांजराचं अंथरूण द्यायचं आणि ते धुवायचं नाही, हेही गटाच्या कागदावर लिहिलेलं होतं. ओळखीचा वास असला की मांजराला धीर येतो.

सुमिएने तो कागद डझनभर नव्या लोकांना वाचून दाखवला होता. पण पोचवायच्या आदल्या दिवशी गेन्ताची चादर हातात घेतली तेव्हा तिला ती नव्या नजरेने दिसली. केस, लाळ, माशाचा डाग. परक्याच्या घरी हे असं द्यायचं? लोक काय म्हणतील, हातानाकाच्या घरात साबण नाही? तिची आई उसनं भांडंसुद्धा तीनदा धुवून परत करायची. सुमिएने चादर दोनदा धुतली, सुगंधी पाण्यातून काढली, वाळवून इस्त्री केली आणि चार कोपरे जुळवून घडी घातली. भेट द्यावी तशी दिसत होती.

गेन्ताला पोचवून आल्यावर पाचव्या दिवशी दुपारी फोन आला.

"हातानाकासान, मी ओइकावा. सांगायला फार वाईट वाटतंय..." मिहोचा आवाज दमलेला होता. "तो धुण्याच्या यंत्रामागे जाऊन बसलाय. आल्यापासून. आम्ही झोपल्यावर दोन घास खातो, बस. कोहारु रोज तिथे जाऊन बसते, त्याला गोष्ट सांगते, पण तो बघतही नाही. तिला वाटतं तिने कान ओढला म्हणून रागावलाय. परवा रडून रडून उलटी केली तिने."

"हं."

"कार्डावरचंच बरोबर होतं बहुतेक. तुमचा दोष नाही हो, तुम्ही आमच्यासाठीच सांगितलंत. शनिवारी परत आणू का?"

सुमिएला आनंद झाला. साधासुधा नाही, छातीत मावेना इतका. सुंठीवाचून खोकला गेला. खरं बोलून झालं होतं, आपलं काम झालं होतं, आणि बोका परत येत होता. "आणा. मी घरीच असते," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने त्याचं ताट काढलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. मासळीवाल्याकडे शनिवारी कॉड मिळेल का याचा विचार करत ती अंगातल्या कापूस भरलेल्या जाकिटाच्या खिशात हात घालून उभी राहिली. हे हान्तेन ती ऑक्टोबरपासून मेपर्यंत घरात अंगावरून उतरवत नसे. खिशातून हात काढला तर बोटांना केस चिकटलेले. तिने जाकिटाची बाही नाकाला लावली. स्टोव्ह, सोया सॉस, मलम, म्हातारी बाई, बोका.

मग तिला ती इस्त्री केलेली चादर आठवली.

ती स्वयंपाकघरातच खाली बसली. त्या घरात त्याला ओळखीचं असं काहीच नव्हतं. अकरा महिन्यांत दिवसभर तो तिचा आवाज ऐकत आला होता. ती त्याला हवा सांगायची, मासळीचे भाव सांगायची, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. दुसऱ्या खोलीतून ती बोलली की तो झोपेतून उठून तिथे येऊन बसायचा. आणि तिने त्याला काय दिलं सोबत? सुगंधी पाण्याचा वास. आपण हे लाजेपोटी केलं की मनात दुसरं काही होतं, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. तीन वर्षांची एक पोर मात्र स्वतःला दोष देत रडत होती, ते खरं होतं.

वीस मिनिटांनी तिने फोन लावला.

"शनिवारी आणू नका. चूक माझी आहे. त्याची चादर मी धुतली होती."

"चादर?"

"धुवायची नसते. माझं एक जाकीट देते. धुतलेलं नाही. वास येईल, म्हातारीचा. माफ करा. ते यंत्रासमोर पसरा आणि मुलीला त्यावर बसवा, त्याच्याकडे पाठ करून. बोलायचं नाही, बघायचं नाही. कान ओढल्याचा त्याला राग नाही, तिला एवढं सांगा. मला तर तो रोज ओढू देतो."

"अहो, पण थंडी सुरू झालीये. तुम्हाला जाकीट?"

"माझ्याकडे दुसरं आहे."

नव्हतं. ती जाकीट कागदी पिशवीत घालून ट्रामने गेली. वाटेत पिशवी तिने अंगाशी दाबून धरली होती, कुणाला वास येऊ नये म्हणून. उभ्या आयुष्यात तिने कुणाला अशी मळकी वस्तू दिली नव्हती. ओइकावांच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवली, घंटा वाजवली आणि कुणी दार उघडायच्या आत ती कोपऱ्यावरून वळली.

दोन दिवसांनी निशिवाकींच्या फोनवर एक फोटो आला. ते तो दाखवायला मुद्दाम तिच्या घरी आले. जाकिटावर कोहारु झोपली होती आणि तिच्या पोटाच्या खळग्यात गेन्ता.

"कमाल आहे," निशिवाकी म्हणाले. "कार्डावर काय लिहू मग आता?"

"आता कार्ड कशाला? घर मिळालं ना त्याला."

दोन आठवडे झाल्यावर सह्यांसाठी दोघांनी जायचं होतं. निशिवाकींच्या हातात रिकामा पिंजरा होता. कुणी ऐनवेळी नाही म्हटलं तर असावा, म्हणून नेतातच. ट्राममध्ये सुमिए तोंड भरून बोलत होती. बर्फ यंदा उशिरा पडणार, शेजारणीच्या सुनेने मुळे कसे खारट करून ठेवले, सगळं. ओइकावांच्या घराच्या पायरीवर मात्र तिने खिशातून मास्क काढून लावला.

दार उघडलं. आतल्या खोलीत उबेला मुलं बसली होती. रित्सु चित्र काढत होता. कोहारुच्या मांडीवर गेन्ता, खाली हान्तेन. दार वाजल्यावर त्याने एक कान इकडे फिरवला.

"या ना, आत या," मिहो म्हणाली. "अगदी चिकटलाय हो तिला. शौचालयातसुद्धा मागे जातो. सरकला तर ती रडते, ती सरकली तर तो."

सुमिएने वाकून नमस्कार केला आणि दारातल्या पायरीवरच थांबली. निशिवाकींनी मागे वळून पाहिलं.

"हातानाकासान, या की."

तिने घशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"घसा बसला का? अगंबाई," मिहो म्हणाली. "या हवेत होतंच. थांबा, मध देते थोडा."

सह्या झाल्या. बोक्याच्या लसींचा कागद दिला. सुमिए तिथूनच बघत होती. तो जाड झाला होता. त्याच्या कपाळावर कुणीतरी रंगीत खडूची एक रेघ ओढली होती आणि ती त्याला चालली होती. बोलायची खोटी, तो उठून येणार होता. कुणाची मांडी आहे, काय आहे, न बघता. ती पोर मग त्याच्याकडे आणि आपल्या रिकाम्या मांडीकडे बघत राहिली असती. सुमिएने ओठ घट्ट मिटले.

"निरोपाचं काहीतरी बोला ना त्याच्याशी," मिहो म्हणाली. "हळूच का होईना. अकरा महिने सांभाळलंत. आम्ही थांबतो."

सगळे थांबले. रित्सुनेही खडू खाली ठेवला. सुमिएने पुन्हा घशाला हात लावला, हसली, पण मास्कमुळे ते कुणाला दिसलं नाही. मग तिने कमरेतून खूप खाली वाकून नमस्कार केला, एवढा खाली की उलट नमस्कार करायला मिहोला घाईघाईने गुडघ्यांवर बसावं लागलं.

"आजीचा आवाज हरवला," कोहारुने बोक्याला सांगितलं.

मधाची बाटली घेऊन ते बाहेर पडले. गल्ली उताराची होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. घर आता दिसत नव्हतं आणि वारा समुद्राकडून येत होता, म्हणजे आवाज तिकडे गेला असता. म्हणून ती आणखी एक वळण चालली. मग तिने मास्क खाली केला.

"गेन्ता," ती म्हणाली. जेवायला बोलवायची तशी, नेहमीच्या मोठ्या आवाजात.

निशिवाकी चार पावलं पुढे होते. त्यांनी पिंजरा या हातातून त्या हातात घेतला आणि मागे न बघता तिच्यासाठी थांबले.