जीभ काढ, गुणाबाई!

शेणवे गावच्या हौसाला पांढऱ्या जांभळाचं अगदी वेड होतं. तिच्या माहेरी, मुरबाडकडे, आईनं लावलेलं तसलं एक झाड होतं. जांभळं पिकली तरी पांढरीच राहायची, आणि गोड तर इतकी की विचारू नका! कितीही खा, जीभ रंगायची नाही. आई गेली तेव्हा हौसानं त्याच्या बिया आणून परसात लावल्या. एक रोप जगलं. आठ वर्षं तिनं त्याला हंड्यानं पाणी घातलं आणि आळीभर सांगत सुटली, "पांढरी जांभळं खायला या हां समदी!"

नवव्या वर्षी झाड लागलं ते काळंभोर. बियाचा काय भरवसा, मूळ झाडासारखं फळ येईलच असं थोडंच आहे? शेजारच्या गुणाबाईनं मूठभर खाल्ली आणि जांभळी जीभ बाहेर काढून घरोघर दाखवत फिरली. "बघा गो, हौसाची पांढरी जांभळं!" हौसाला तोंड वर काढायची सोय राहिली नाही.

पण गप्प बसेल तर ती हौसा कसली! खर्डीजवळच्या एका रोपवाटिकेत मजुरीला जाऊन ती आंब्याची कलमं बांधायला शिकली. मनात अर्थात जांभूळच होतं.

तेवढ्यात शिमग्याच्या तोंडावर धाकट्या भावाचा, भगीरथचा फोन आला. "ताई, घर वाढवतोय. जांभूळ मधी येतंय. उद्या तोडणार."

"अरे, आयेचं झाड हाय ते!"

"म्हणून तर तुला कळवलं."

पहिल्या एसटीनं ती माहेरी पोचली. चहालासुद्धा न थांबता तिनं झाडाच्या सात काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि वरून केळीच्या खोडाचं सोपट बांधलं. ती फाट्यावर येते तोच मागे कुऱ्हाड वाजायला लागली. आईचं झाड आता तेवढ्या सात काड्यांत उरलं होतं.

घरी येऊन तिनं करवत काढली आणि परसातलं बहरलेलं जांभूळ कमरेएवढ्यावर कापायला घेतलं. तिचा नवरा महिपत धावत आला.

"येडी झालीस का गो? लागतं झाड कापतेस! काड्या जगल्या नाय तर हे बी गेलं आन् ते बी!"

"ठाव हाय मला. करवतीचं ते टोक धरा."

बिचाऱ्यानं धरलं. मग काड्यांची टोकं पाचरीसारखी तासून तिनं खुंटाच्या सालीत खोवली, प्लास्टिकच्या पट्टीनं आवळली आणि वर पिशव्या बांधल्या.

रोज सकाळी चुलीआधी ती खुंटाकडे जायची. पहिली काडी वाळली. मग दोन. पंधरा दिवसांत सहा गेल्या. वर गेल्यावर आईला काय तोंड दाखवू, एवढंच हौसाच्या मनात यायचं.

बाविसाव्या दिवशी सातव्या काडीला नखाएवढं तांबूस पान दिसलं. हौसा तिथंच फतकल मारून मोठमोठ्यानं रडायला लागली. गुणाबाई कुंपणापाशी धावली. "काय गेलं गो?"

"गेलं नाय, आलं!"

चौथ्या वर्षी जूनमध्ये घोस धरले. हौसानं भगीरथला बोलावलं, आळी जमवली आणि पहिली ओंजळ गुणाबाईच्या पदरात घातली. "खा. पोटभर खा." गुणाबाईनं सगळी खाल्ली.

"आता जीभ काढ, गुणाबाई!"

गुणाबाई आधी आढेवेढे घेत राहिली. शेवटी काढली. जीभ होती तशीच, स्वच्छ! परसात अशी आरोळी उठली की कोंबड्या कुडावर चढल्या.

भगीरथनं एक जांभूळ तोंडात टाकलं आणि त्याचे डोळेच भरून आले. "आयेचंच गो हे. ताई, मला एखादं बी दे."

"बी कशाला?" हौसा पडवीतून पिशवीतलं कलम घेऊन आली. तिनं ते कधीच बांधून ठेवलं होतं. "घे. आता घराच्या मधी येणार नाय अशा जागी लाव."

बोलता बोलता तिनं गुणाबाईकडे वळून पाहिलं, तर बाई जाग्यावर कुठं? ती केव्हाच शेजारच्या आळीत पोचली होती. जीभ बाहेर काढून दारोदार सांगत होती, "बघा गो, हौसाची पांढरी जांभळं!"