मास्तरला घ्यायचं का?

सोमवारी सकाळी चष्म्याच्या दुकानात फारसं कुणी येत नाही. मास्तरची बायको काउंटरमागे बसून एका फ्रेमचा सैल झालेला स्क्रू आवळत होती. तेवढ्यात कोच आत आला आणि चुकून भलत्याच दुकानात शिरल्यासारखा दारातच घुटमळला.

"या भाऊजी," ती म्हणाली. "आज इकडे कसे?"

"डोळे तपासायचेत."

डोळे तपासून घ्या म्हणून ती गेली चार वर्षं त्याच्या मागे लागली होती. मैदानाच्या कडेला उभं राहून खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर वाचताना तो डोळे इतके बारीक करायचा की झोपलाय की काय असं वाटावं. पण चष्म्याचं नाव काढलं की विषय बदलायचा. आज तो आपल्या पायांनी आला म्हणजे डोळ्यांसाठी आलेला नाही, हे तिला कळलं.

कोच आणि मास्तर एके काळी एकाच संघात होते. कोच गोलकीपर, मास्तर पुढे गोल मारणारा. पायात बॉल नसला की तो सगळ्यांना बोटाने जागा दाखवत सुटायचा, वर्गात मुलांना बसवावं तसा. म्हणून मास्तर. आता तो छत्तीस वर्षांचा होता. डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली होती, उजव्या मांडीचा स्नायू वर्षातून एकदा तरी दगा द्यायचा. मागच्या सीझननंतर जुन्या क्लबने हारतुरे देऊन त्याला मोकळं केलं होतं. तेव्हापासून तो एकटाच सराव करायचा आणि उरलेल्या वेळात घरातल्या वस्तू दुरुस्त करायचा.

कोचचा संघ तळाला होता. तेरा सामन्यांत सहा गोल. असंच चाललं तर खालच्या विभागात घसरणार हे नक्की होतं, आणि नवे खेळाडू नोंदवायची मुदत शुक्रवारी संपत होती.

तिने कोचला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एक डोळा झाकला.

"खालून दुसरी ओळ वाचा."

"प... म... की भ? वहिनी, मास्तरला घ्यायचं म्हणतोय मी."

तिने फ्रेममध्ये एक काच सरकवली. "आता? ही बरी की आधीची?"

"ही. आमच्या क्लबचे अध्यक्ष नको म्हणताहेत. म्हणतात, हा माणूस निम्मा सीझन दवाखान्यात असतो."

"आणि ही?"

"ही आणखी बरी. रिपोर्ट आहे माझ्याकडे. शनिवारी चाचणी घेतली, धावला, वळला, उड्या मारल्या, सगळं ठीक. पण चाचणीच्या दिवशी सगळेच ठीक असतात हो. तुम्ही सांगा. सकाळी उठल्यावर तो कसा असतो?"

तिचा हात काचांच्या पेटीवर थांबला. "त्यालाच विचारा ना."

"तो थाप मारेल. मी नव्हती मारली? खांदा निखळला होता तेव्हा डॉक्टर म्हणाले हात वर करून दाखव. मी दाखवला. दुसरा."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रागही आला. नवऱ्याचा, कोचचा, त्या गुडघ्याचा.

"गुरुवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "आणि तुम्हाला सव्वा नंबर आहे. दोन्ही डोळ्यांना. इतकी वर्षं तुम्ही अंदाजानेच माणसं बदलत होतात."

सकाळी तो कसा असतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांची झोपायची खोली वर होती. रोज गजर व्हायच्या आधी मास्तर हळूच उठायचा आणि ती डोळे मिटून ऐकत पडायची. एक पाऊल वाजायचं. मग काहीच नाही. मग कठड्यावर हात घासल्याचा आवाज, आणि दुसरं पाऊल. तेरा पायऱ्या उतरायला त्याला कधी दोन मिनिटं लागायची, कधी पाच. चाळीस मिनिटांनी ती खाली यायची तेव्हा तो ताठ चालत चहा करत असायचा, जणू विशीतला गडी. तो काही बोलायचा नाही, तीही विचारायची नाही. दोन वर्षं असंच चाललं होतं.

ते कोचला सांगायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. पण तिच्या जिवाची घालमेल वेगळ्याच गोष्टीने होत होती. मास्तरने खेळणं थांबवावं असं तिला मनातून वाटत होतं. दुसऱ्या ऑपरेशननंतर तो तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला आंघोळ घालणं, उठवणं, त्याची चिडचिड, त्याहून वाईट म्हणजे त्याचं गप्प राहणं, हे सगळं तिने सोसलं होतं. पुन्हा नको, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मग आता खरं सांगितलं तर ते खरं म्हणून सांगितलं, की तो घरी बसावा म्हणून? आणि लपवलं, आणि गुडघा मैदानातच गेला तर?

मंगळवारी तिने एका बाईंच्या उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली. बुधवारी एकाच गिऱ्हाइकाला दोनदा नाव विचारलं. दुकानाचे मालक म्हणाले, "बरं वाटत नसेल तर घरी जा." ती घरी गेली आणि तिथेही एका जागी बसवेना.

सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिने त्यांना सगळं सांगून टाकलं.

"मग सांगून टाक, ठणठणीत आहे म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नाहीये तो ठणठणीत."

"मला का कळत नाही? माझाच मुलगा आहे. पण घरी बसल्यापासून त्याने न्हाणीघरातला नळ तीनदा काढून बसवलाय. नळाला काही झालं नव्हतं गं." त्यांनी एका मोज्याची जोडी शोधली, सापडली नाही तशी तो एकटाच गुंडाळला. "तुझं मन काय म्हणतं?"

"माझ्या मनावरच भरवसा नाही माझा."

"मग त्याच्याशी बोल. माझ्याशी बोलून काय होणार?"

मास्तर संध्याकाळी परतला आणि सरळ स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी करून तिचा डुगडुगणारा पाय ठोकायला बसला. ती समोर उभी राहिली.

"सोमवारी कोच दुकानात आला होता."

हातोडी थांबली. "कशाला?"

"तू सकाळी कसा असतोस ते विचारायला."

"आणि तू आज सांगतेस मला? दोन दिवसांनी?" तो उठला. उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला, आणि तिने ते पाहिलं हे त्यालाही दिसलं. "काय सांगणार आहेस त्याला?"

"जे ऐकू येतं ते."

"काय ऐकू येतं?"

तिने सांगितलं. एक पाऊल, मग काहीच नाही, मग कठडा. कुठल्या दिवशी किती वेळ. पाऊस पडून गेल्यावर किती, जोरात सराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी किती. बोलताना तिचा आवाज चढत गेला. मास्तर ऐकत होता आणि त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा होत गेला.

"जागी असतेस तू?"

"रोज."

तो खोलीत फेऱ्या मारायला लागला. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. "मला थांबवायचंय तुला. सरळ बोल ना तसं."

"हो, थांबवायचंय! आणि तू थांबलास की काय होणार हेही मला दिसतंय. म्हणून तर तीन दिवस जीव टांगणीला लागलाय माझा. तुला काय वाटलं, मजा येतेय मला?"

फेऱ्या थांबल्या. मग मास्तर खाली वाकला, खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसून पाहिली. अजूनही डुगडुगत होती.

"सांग त्याला," तो म्हणाला. "पण मी समोर असताना सांग."

गुरुवारी दुपारी ते दोघं क्लबच्या ऑफिसात गेले. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची ती बुटकी खोली होती. ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास, भिंतीवर पांढरा फळा, त्यावर अर्धवट पुसलेले बाण. कोच होता, आणि टाइल्सचा धंदा करणारे क्लबचे अध्यक्षही होते. तिने आधी कोचचा नवा चष्मा त्याच्या हातात ठेवला आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पायऱ्या, मिनिटं, सूज किती दिवस राहते ते. मास्तर जमिनीकडे बघत उभा होता.

"म्हणजे संपलंच," अध्यक्ष म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय."

"माझं बोलणं संपलेलं नाही," ती म्हणाली, आणि आपण असं बोलू शकतो याचं तिलाच नवल वाटलं. "याच्याकडे नव्वद मिनिटं नाहीत. पंचेचाळीसही नाहीत. पण वीस-पंचवीस आहेत. घरी सामना बघताना हा आधीच सांगतो, आता डावीकडची बाजू उघडी पडणार. आणि पडते. तेवढं जर तुम्हाला कामाचं असेल तर घ्या. त्याहून जास्त हवं असेल तर नका घेऊ, माझ्या घरी मला धडधाकट माणूस हवाय."

कोचने नवा चष्मा घातला आणि मास्तरकडे निरखून बघितलं. "म्हातारा झालास रे," तो म्हणाला. "एवढा झालायस हे दिसलंच नव्हतं." मग अध्यक्षांकडे वळला. "लागोपाठ दोन सामने नाहीत. अर्ध्या तासाच्या वर नाही. आणि सामन्याच्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते मला कळलं पाहिजे. वहिनी फोन करतील."

"मी नाही करणार," ती म्हणाली. "मी बायको आहे त्याची, हवामान खातं नाही. ज्याचा गुडघा आहे त्याने सांगावं."

"आणि त्याने थाप मारली तर?" अध्यक्षांनी विचारलं.

मास्तरने पहिल्यांदाच मान वर केली. "मला आजवर कुणी गुडघा कसा आहे असं विचारलंच नाही," तो म्हणाला. "सगळे एवढंच विचारतात, खेळशील ना?"

अध्यक्षांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी शुक्रवारी, मुदत संपायला दोन तास असताना, त्यांनी सही केली.

पुढचे तीन महिने घरात कुणाला स्वस्थता नव्हती. मास्तर त्यानंतरच्या सात-आठ सामन्यांत चार वेळा उतरला, दोन गोल मारले, एक दुसऱ्याकडून करवला. संघ तळातून दोन जागा वर सरकला. मग तळातल्याच एका संघाशी महत्त्वाचा सामना आला. त्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर पाच मिनिटांहून जास्त गेली. ती खाली आली तर मास्तर हातात फोन धरून खिडकीशी उभा. ती उलट पावली मागच्या अंगणात गेली आणि आधीच झाडलेली फरशी पुन्हा झाडत बसली. त्याने थाप मारावी असं तिला क्षणभर वाटून गेलं. खिडकीतून त्याचा आवाज आला. "आज नाही जमणार."

संघ दोन गोलांनी हरला. लोकांनी नको नको ते बोलून घेतलं. बसून राहणारा खेळाडू घेतलाच कशाला, असं वर्तमानपत्रात छापून आलं. मास्तरने तो कागद फाडला नाही की फेकला नाही, नुसता वाचून ठेवून दिला. 

खालच्या विभागात घसरू नये म्हणून शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. ती सासूबाईंना घेऊन गेली. अडुसष्टाव्या मिनिटाला मास्तर उतरला तेव्हा संघ एका गोलने मागे होता. आठ मिनिटांनी त्याने डावीकडे, कुणी नसलेल्या जागेत बॉल सोडला. सगळ्यांना वाटलं चुकला. तेवढ्यात मास्तरच्याच संघाचा, कडेने धावणारा विंगर तिथे पोचला आणि बॉल जाळ्यात. एक-एक.

त्यानंतर थोड्याच वेळात मास्तरने एकदा, फक्त एकदा, मांडीच्या मागे हात नेला. तिला कळलं. स्नायू गेला होता. तिने कोचकडे पाहिलं. चष्म्यातून त्यालाही दिसलं होतं, पण तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते.

ती उठली. रांगेतून इकडून तिकडे जायला लागली. एकाच्या हातातला चहा सांडला.

"अहो बाई, बसा ना!"

"काय चाललंय?" सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"उभाय तो."

"उभा म्हणजे?"

"नुसता उभाय, आई."

मास्तर बाहेर आला नाही. तो समोरच्या संघाच्या गोलजवळ एका जागी उभा राहिला आणि हात वर करून बॉल मागत राहिला, आता धाव मारतो की मग मारतो असा आव आणून. खरं तर त्याला तीन पावलंही टाकता आली नसती. पण समोरच्यांना ते माहीत नव्हतं. त्यांचे दोन बचावपटू त्याला सोडून हलले नाहीत. अकरा मिनिटं आणि वर वाढीव चार. मास्तरच्या संघाचे नऊ जण उरलेल्यांना कसेबसे थोपवत राहिले. एकदा बॉल खांबाला लागला. शिट्टी वाजली. संघ टिकला होता. मास्तर जिथे होता तिथेच गवतावर बसला आणि दोघांनी त्याला उचलून आणलं.

परतताना गाडी तिने चालवली. सासूबाई शेजारी, मास्तर मागच्या सीटवर पाय लांब करून, मांडीवर बर्फाची पिशवी. डॉक्टर म्हणाले होते, आठ आठवडे.

"दुखतंय," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"हो, दुखणारच," ती म्हणाली.

चौक आला. लाल दिवा होता.

"पुढच्या वर्षी विचारलं तर नाही म्हणणार मी."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

पुढे आणखी दोन चौक गेले. तिसऱ्यावर पुन्हा लाल दिवा. ती आरशातून मागे बघत होती. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याची बोटं सीटवर सारखी ताल धरत होती.

"बहुतेक," मास्तर म्हणाला.

तिने आरशातली नजर काढून समोर पाहिलं. हिरवा दिवा कधीचा लागला होता आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता.